ग्रॅव्हल बाईक घ्या, पण आधी पांदणीला विचारा

अचलपूर तालुक्यातल्या एका गावातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३१, जवळच्या पतसंस्थेत नोकरी, घरी चार एकर वावर आणि थोडी संत्र्याची झाडं. दोन वर्षं आरडी भरून त्यांनी ९५ हजार रुपये जमवले आहेत आणि त्यांना ग्रॅव्हल बाईक, म्हणजे वळलेल्या हॅन्डलची, जरा रुंद टायरची, कच्च्या रस्त्यावरही चालणारी सायकल घ्यायची आहे. सुट्टीत पिशव्या बांधून निघायचं, चिखलदऱ्याला चढायचं, लोणारला जाऊन यायचं, मामाच्या गावी डांबरी सोडून पांदणीने, म्हणजे वावरांमधल्या कच्च्या गाडीवाटेने जायचं, आणि जमलंच तर मेळघाटातल्या जंगलवाटांवर दोन-तीन दिवस, असा बेत आहे. नागपूरचा मित्र म्हणतो, ग्रॅव्हल ही शर्यतीची सायकल, अ‍ॅडव्हेंचरला माउंटन बाईकच लागते, बिना सस्पेन्शनची सायकल कच्च्या रस्त्यावर टिकत नाही. दुकानदार म्हणतो, हिच्यावर सगळं चालतं. वडील म्हणतात, "एवढ्या पैशात गाडी येते, सायकल कायले पाह्यजे?" पत्राचा शेवट असा: "ग्रॅव्हल बाईक अ‍ॅडव्हेंचर रायडिंगसाठी योग्य आहे की नाही, एकदाचं सांगा. चुकीच्या सायकलीवर पैसे घालवायची ऐपत नाही."

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. सायकलीबद्दल दीड पान आहे. फ्रेम कशाची, गिअरला दात किती, ब्रेक तेलाचा की तारेचा, सगळं आलं. रस्त्याबद्दल तीन ओळी. तुमचा गोंधळ सायकलीचा कमी आणि या तीन ओळींचा जास्त आहे, असं मला वाटतं.

बैल चांगला की ट्रॅक्टर, असं कोणी विचारलं तर तुम्ही काय म्हणाल? वावर किती, माती कशी, काम कोणतं. सायकलीचंही तेच. त्यामुळे "योग्य आहे की नाही" याचं उत्तर देण्याआधी तुमच्या चार बेतांखालची जमीन बघू.

त्याआधी एक काम. घरी आजोबांची काळी २८ इंची सायकल पडून आहे, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तिच्या टायरच्या बाजूला काय छापलंय ते वाचा. बहुधा २८ बाय दीड असेल. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर. आजच्या ग्रॅव्हल बाईकला दुकानातून येणारे टायर साधारण ३८ ते ४५ मिलिमीटरचे असतात. म्हणजे दूधवाले, पोस्टमन आणि तालुक्याला शिकवायला जाणारे मास्तर जवळपास याच रुंदीच्या टायरवर, सस्पेन्शनशिवाय, मुरुमाच्या रस्त्यांनी आयुष्यभर फिरले. त्याला कोणी अ‍ॅडव्हेंचर म्हटलं नाही. उशीर झाला तर उलट मेमो मिळायचा.

तेव्हा "बिना सस्पेन्शनची सायकल कच्च्या रस्त्यावर टिकेल का" हा मित्राचा आक्षेप बाजूला ठेवा. त्या काळ्या सायकलीत आणि नव्या ग्रॅव्हल बाईकमध्ये खरा फरक आहे तो वजनाचा, ब्रेकचा आणि गिअरचा. त्याकडे येतेच.

मित्राचं एक मात्र अर्धं खरं आहे. या सायकली वाढल्या त्या अमेरिकेच्या मधल्या सपाट राज्यांत, शेतांमधून जाणाऱ्या खडीच्या रस्त्यांवर. कॅन्सास राज्यातली अनबाउंड ही त्यातली नावाजलेली शर्यत २००६ साली सुरू झाली. तिचं मुख्य अंतर २०० मैलांचं, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि तेही गारगोटीच्या धारदार दगडांवरून. शर्यत म्हणून सुरू झालेली गोष्ट आहे, हे कबूल. पण दिवसभर खराब रस्त्यावर बसून राहायचं असेल तर सायकल आरामशीर आणि सरळ चालणारी लागते, म्हणून तिचा चाकांमधला पल्ला लांब, बसणं थोडं ताठ, आणि फ्रेमला बाटल्या-पिशव्या लावायला जागोजागी छिद्रं. शर्यतीसाठी जे केलं तेच भटक्यांच्या कामी आलं. उलट बाजूही सांगते. कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जाणारी टूर डिव्हाईड ही चार हजार किलोमीटरहून लांब शर्यत आहे. तिथे रस्ता जास्त दगडधोंड्यांचा, म्हणून बरेच जण पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाईक नेतात, आणि काही पठ्ठे त्याच माउंटन बाईकवर वळलेलं हॅन्डल चढवतात. नावं दुकानासाठी असतात, रस्ता नाव विचारत नाही.

आता आपली जमीन. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण परदेशी व्हिडिओंमध्ये हे सापडत नाही. तिकडे रस्त्याची जात किलोमीटरवर बदलते. आपल्याकडे ती महिन्यावर बदलते. मामाच्या गावची ती एकच पांदण वर्षात चार वेगळे रस्ते असते.

आषाढ-श्रावणात ती रस्ता नसतेच. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला अशी धरते की सोडत नाही. एका जुलैत दर्यापूरच्या अलीकडे मी हौसेने डांबरी सोडली होती. दोनशे मीटरमध्ये टायर आणि फोर्कमधली फट गाऱ्याने भरली आणि चाक फिरायचंच थांबलं. ४५ चा टायर होता, उपयोग शून्य. तीन किलोमीटर सायकल कधी ओढली, कधी खांद्यावर घेतली. बांधावर बसलेल्या आजोबांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "बाई, हे सायकल होय का वखर?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. दुकानदाराला हेच विचारा, आणि तो "हिच्यावर सगळं चालतं" म्हणाला तर त्याला जुलैत दर्यापूरला बोलवा. कॅन्सासच्या त्या शर्यतीतही २०२३ साली पावसाने असाच चिखल झाला आणि जगातले चांगले चांगले स्वार सायकल खांद्यावर घेऊन चालले. तिकडचे लोक चिखल खरवडायला रंग ढवळायची लाकडी पट्टी जवळ ठेवतात. आपल्याला बांबूची चपटी काडी पुरते. ओल्या काळ्या मातीत माउंटन बाईकही अडकते, फक्त थोडी पुढे जाऊन. पावसाळ्यात डांबरी आणि पक्का मुरूम, एवढंच.

दिवाळीच्या सुमाराला वाट सुकते, पण बैलगाडी आणि ट्रॅक्टरने पावसात पाडलेल्या चाकोऱ्या तशाच वाळून दगडासारख्या होतात. सायकलीसाठी हा महिना सगळ्यात फसवा. वरून कोरडं दिसतं, पण पुढचं चाक चाकोरीत उतरलं की हॅन्डल वळत नाही आणि माणूस आडवा होतो. टायर जितका रुंद तितकं बरं, पण खरा उपाय म्हणजे वेग कमी ठेवणं आणि चाकोरीच्या मधल्या गवतावरून चालवणं. सराटे याच दिवसांत वाळतात, तेही त्याच गवतात, हे लक्षात ठेवा.

कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन पौष-माघापर्यंत ढेकळं दबतात, वाट गुळगुळीत होते, हवा थंड असते. मग ग्रॅव्हल बाईकसारखं सुख नाही. चैत्रापासून त्याच मातीचा फुफाटा होतो, बारीक पिठासारखा, त्यात अरुंद टायर रुततो. शिवाय ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पहाटे पाचला निघून दहाच्या आत सावली गाठायची, नाहीतर निघायचंच नाही. यात साहसबिहस काही शोधू नका.

भंडारा-गोंदियाकडच्या वाचकांनी हा हिशोब जसाच्या तसा घेऊ नये. तिकडे धानाचे बांध आणि तांबूस मुरमाड वाटा आहेत, तिथे ही सायकल वर्षातले जास्त महिने चालते.

आता तुमचे बाकीचे तीन बेत.

चिखलदरा. परतवाड्याहून तीसेक किलोमीटर, आणि त्यात सातशे मीटरच्या वर चढ. बराचसा धामणगाव गढीच्या पुढे घाटातच. रस्ता डांबरी आहे, टायरचा प्रश्न नाही. प्रश्न गिअरचा. पुढे ४० दात आणि मागे सगळ्यात मोठं चाक ४२ दातांचं असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे दोन मीटर जाते. आजोबांच्या सायकलीवर एका फेऱ्यात पाच मीटरहून जास्त, म्हणून घाटात ते खाली उतरून ढकलत असत. पिशव्यांचं दहा किलो ओझं असेल तर पुढचे दात मागच्या सगळ्यात मोठ्या चाकाच्या दातांपेक्षा कमी असलेच पाहिजेत, ही माझी अट समजा. दुकानात "किती स्पीडची" हे विचारू नका. सगळ्यात हलक्या गिअरला पुढे किती दात, मागे किती, एवढंच विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर स्वतः मोजा, लाजू नका. माउंटन बाईक इथे निर्विवाद पुढे आहे. तिच्यात ३२ ला ५१ असा जोडही मिळतो, म्हणजे एका फेऱ्यात दीड मीटरहून कमी.

लोणार. तुमच्याकडून दोनशेहून जास्त किलोमीटर, मुक्काम करत जायचा रस्ता. वाटेत पूर्णेचा खारपाणपट्टा लागतो. तुम्ही जवळचेच, तुम्हाला ठाऊक असेल, तरी बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या त्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारं आहे, हापशी दिसली म्हणून भरवसा ठेवू नये. म्हणून फ्रेमवर तीन बाटल्यांची सोय बघा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर चार-पाच लिटर पाणी नेता येईल असं करा. ग्रॅव्हल बाईक मला आवडते ती अशा दिवसांसाठी. वळलेल्या हॅन्डलवर हात ठेवायच्या तीन-चार जागा असतात. सपाट मुलखात समोरून वारा आला की खाली वाकता येतं, तळहाताला मुंग्या आल्या की पकड बदलता येते. सरळ हॅन्डलवर सहा तास एकच पकड, मग करंगळी बधिर होते. पातूरचा घाट चढून वर पठारावर आलात की पुढे रस्ता खालीवर होत राहतो. समृद्धी महामार्ग मेहकरजवळून जातो, पण त्यावर मोटारसायकललाच बंदी आहे, तेव्हा तो मोह नको. लोणारला पोचल्यावर सायकल वर ठेवून विवरात पायी उतरा, ते अभयारण्य आहे.

मेळघाट. इथे मी तुम्हाला थोडं अडवणार आहे. व्हिडिओत पाहिलेल्या "जंगलवाटा" तुम्हाला इथे सायकलने चालवायच्या आहेत. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीशिवाय आत शिरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. परतवाडा-सेमाडोह-हरिसाल-धारणी हा डांबरी रस्ता वाहतुकीचा आहे, त्यावर दिवसाउजेडी जा, फाट्यावर वनविभागाच्या माणसाला विचारून जा. पहाटे आणि संध्याकाळी चालवू नका. वाघ तुम्हाला बघून बहुधा बाजूला होईल, अस्वल होईलच असं नाही, आणि सायकलीचा आवाज त्याला कळत नाही. तेव्हा तुमच्या यादीत माउंटन बाईक मागणारा जो एकच बेत होता, तो बेतच जवळपास गळून पडतो. नाल्याच्या दगडांतून, पायवाटेवरून जायची खरीच ओढ असेल तर माउंटन बाईक घ्या, मी वाद घालणार नाही. पण पुढचं सस्पेन्शन चांगलं हवं. स्वस्तातलं सस्पेन्शन म्हणजे दोन किलो वजन आणि चढावर झोपाळा.

म्हणून तुमच्यापुरतं माझं मत ग्रॅव्हल बाईककडे झुकतं, पण ४५ मिलिमीटरचा टायर बसून वर चिखलाला बोटभर जागा उरेल अशीच. हे दुकानात पट्टी घेऊन मोजा. ग्रॅव्हल म्हणून विकल्या जाणाऱ्या काही सायकलींत ३८ च्या वर टायर बसत नाही. त्या तुमच्यासाठी नाहीत.

तुम्ही न विचारलेली, पण तालुक्याच्या गावात राहणाऱ्याने आधी विचारायला हवी अशी गोष्ट म्हणजे, बिघडली तर काय? काळ्या सायकलीचा २८ चा टायर ग्रॅव्हल बाईकला बसत नाही, आकडे सारखे वाटले तरी. तिच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर, ग्रॅव्हल बाईकच्या ७०० सी चाकाचा ६२२. उलट २९ इंची माउंटन बाईकचा रिमही ६२२ चाच असतो, म्हणून अमरावती-अकोल्यात २९ ची ट्यूब मिळाली तर वेळ निभावते. फक्त व्हॉल्व्ह बघून घ्या. रिमचं भोक बारीक व्हॉल्व्हसाठी असेल तर मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह त्यातून जाणार नाही. बारीक व्हॉल्व्हवर चढवायचं पितळेचं टोपण मिळतं, ते दोन घेऊन ठेवा, म्हणजे कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येईल.

बाभळीच्या काट्यांच्या मुलखात बिनट्यूबचे टायर आणि आत सीलंट हे सगळ्यात बरं. काटा निघतो, दुधासारखं द्रव्य भोक बुजवतं, आपण पुढे. आपल्या उन्हात ते लवकर वाळतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी परत ओतावं लागतं. तरी एक ट्यूब पिशवीत असू द्या. हवा पस्तीस-चाळीस पीएसआयच्या आसपास ठेवा, सत्तर भरून दगडासारखा टायर करू नका. डिस्क ब्रेक तारेचा घ्या. तेलाचा जास्त चांगला लागतो, पण धारणीत तो बिघडला तर दुरुस्त कोण करणार? आणि मागच्या गिअरला फ्रेमशी जोडणारा लहानसा तुकडा असतो, डिरेलर हँगर. सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो किंवा मोडतो, आणि दर फ्रेमचा वेगळा असतो. सायकल घेतानाच त्याच फ्रेमचा एक जास्तीचा घ्या. तो दुकानात नसेल तर ती सायकल घेऊ नका, इतकं मी ठामपणे सांगेन. फ्रेम लोखंडी असेल तर तुटल्यावर वेल्डिंगवाला डाग देऊ शकतो, अ‍ॅल्युमिनियमला गावात ते होत नाही. पण लोखंडी जरा जड, आणि तुमच्या पैशात पर्याय कमी. याच्यावर मी अडून बसणार नाही.

९५ हजार सगळे सायकलीत घालू नका. पंधरा-वीस हजार टायर, पिशव्या, हेल्मेट, दिवा आणि हत्यारांसाठी बाजूला काढा.

आता वडिलांचं. पत्रावरून मला असा वास येतो की माझं उत्तर त्यांना दाखवायचं आहे, पेपरात छापलेलं. दाखवू नका. एवढ्या पैशात गाडी येते हे ते खोटं बोलत नाहीत, आणि तुम्हीही त्यांना सायकल गाडीपेक्षा स्वस्त पडते वगैरे पटवू नका, कारण तुम्ही ती त्यासाठी घेत नाही आहात. त्यापेक्षा त्यांना एक खरा प्रश्न विचारा: मामाच्या गावाकडची कोणती पांदण कधी सुकते, कुठे नाला आडवा येतो, कुठल्या बांधावरून वळसा घ्यावा लागतो? हे त्यांना माहीत आहे, मला नाही, दुकानदाराला तर मुळीच नाही. तुमच्या पत्रातल्या रस्त्याच्या तीन ओळी बहुधा तेच भरून काढतील. "लोकं हासतील" असंही ते म्हणाले असतील. हसतील, महिनाभर.

आणि पैसे पौषापर्यंत तसेच आरडीत राहू द्या. आधी आजोबांची सायकल बाहेर काढा, एका रविवारी मामाच्या गावी पांदणीने जा, दुसऱ्या रविवारी परतवाड्याहून धामणगाव गढीपर्यंत, घाट सुरू होईतो. जिथे उतरावं लागलं ती जागा लिहून ठेवा: चढ होता, चाकोरी होती की कंटाळा आला होता. त्या कागदावर चढ जास्त असतील तर हलका गिअर शोधा, चाकोऱ्या जास्त असतील तर रुंद टायर. कंटाळा जास्त असेल तर मला परत पत्र लिहा. मात्र निघण्याआधी मागच्या चाकाच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरून घ्या, आणि ब्रेकचे रबर बदला. ते बहुधा आजोबांच्या काळापासूनचेच असतील.